दहावी हाक

प्रश्न फॉर्ममधला चौथा होता. आधीचे तीन सोपे होते. तुम्हाला काय म्हणून हाक मारू, कुठल्या दिवशी वेळ असतो, असला खेळ पूर्वी कधी खेळलाय का. पहिल्याला त्यानं 'काहीही चालेल' लिहिलं, दुसऱ्याला 'रविवारी सकाळी', तिसऱ्याला 'नाही', आणि दुपारच्या सुट्टीत एका हातानं डबा खाता खाता तो चौथ्यावर आला. 'खेळाच्या गोष्टीत काय आलेलं तुम्हाला चालणार नाही? कारण लिहायची गरज नाही.' खाली रिकामा चौकोन, त्यात लुकलुकणारी उभी रेघ. घास तोंडातल्या तोंडात राहिला. आता बघा, माणूस एक्कावन्न वर्षांचा. शाळा झाली, नोकरी झाली, लग्न होऊन मोडलंसुद्धा, पण उभ्या जन्मात हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. तुला काय चालणार नाही? असं विचारतात होय कुणी? जे पानात पडेल ते मुकाट चालवून घ्यायचं, एवढंच त्याला माहीत. त्यानं 'म्हातारी बाई' असं टाइप केलं आणि पुसलं. मग नुसतं 'हाक' असं केलं. तो शब्द त्या चौकोनात एकटा उभा राहिलेला बघून त्यानं तोही घाईघाईनं पुसला, जणू कुणी खांद्यावरून वाचत होतं. 'काही नाही. सगळं चालेल,' असं लिहून त्यानं फॉर्म पाठवून दिला, डब्याचं झाकण लावलं आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. पण दिवसभर त्याच्या मनातून तो चौकोन जाईना.

तो कान तपासायचा. डॉक्टर नव्हे, डॉक्टर पुढच्या खोलीत बसत, आणि हा मागे, आवाजबंद खोलीच्या काचेच्या अलीकडे. पेशंटला आत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं आणि गेली सत्तावीस वर्षं तेच म्हणायचं: 'आवाज ऐकू आला की बटण दाबायचं. कितीही बारीक असू दे, नुसती शंका आली तरी दाबायचं.' मग एकेक सूर कमी कमी करत न्यायचा आणि कागदावर खुणा करायच्या. माणसं दोन तऱ्हांनी फसवतात. काहींना ऐकू येत नाही, पण लाज वाटते, म्हणून अंदाजानं बटण दाबत सुटतात. त्यांची त्याला दया यायची. दुसरे मात्र ऐकू येत असून दाबत नाहीत. कुणाला गोदामातलं जड काम टाळायचं असतं, कुणाला घरच्यांच्या जाचातून सुटायचं असतं. असल्यांना पकडण्यात त्याचा हातखंडा होता. तपासणी संपली, आता जा म्हणायचं, आणि तो माणूस पाठमोरा झाला की अगदी हळू, पुटपुटल्यासारखं म्हणायचं, 'साहेब, पँटची चेन उघडी आहे.' शंभरातल्या नव्वदांचा हात खाली गेलाच म्हणून समजा. उरलेल्या दहांची निदान पापणी हलायची. डॉक्टर हसून हसून बेजार व्हायचे. 'तुझ्यासमोर कुणाची डाळ शिजायची नाही बाबा,' म्हणायचे. आणि असल्या या माणसानं दहा महिन्यांपूर्वी, आईचं सगळं उरकून झाल्यावर, ताईसमोर मान खाली घालून सांगितलं होतं, 'मला ऐकूच नाही आलं गं. एका पेशंटचं यंत्र तपासत होतो, कानात हेडफोन होते.' ताई त्याची थोरली बहीण, आई तिला छबे म्हणायची; आठ तासांचा प्रवास करून आलेली, रडून रडून डोळे सुजलेली. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, 'तू काय करणार रे. ऐकूच नाही आलं तर तू तरी काय करणार.' त्याची पापणी नक्की हलली असणार. पण बघायला कोण होतं? पकडणारा एकटा तोच होता, आणि खोटं बोलणाराही तोच.

न बोललेलं वाक्य त्याच्या घशाशी येऊन बसलं होतं. ताईला खरं सांगायचं, एवढं एकच काम त्याच्यापुढे उरलं होतं, आणि तेवढंच त्याच्यानं होत नव्हतं. महिन्यातून चार वेळा फोन व्हायचा. 'जेवलास का', 'घर झाडून घेतोस का', 'आईची खोली अजून तशीच ठेवलीयस का रे'. प्रत्येक वेळी तो मनाशी ठरवायचा, की आज ती स्वतःहून त्या दिवसाचं काही बोलली की सांगून टाकू. पण ताई फार चांगली बाई. तिनं तो विषय पुन्हा कधी काढला नाही, भावाला त्रास नको म्हणून. चांगुलपणाची अशी भिंत घातल्यावर माणसानं डोकं आपटायचं तरी कुठे? त्याचं खाणं कमी झालं. बुटांना दहा महिन्यांत पॉलिश लागलं नव्हतं. डॉक्टरांनी एकदा थट्टा केली, 'काय रे, खाणीत कामाला लागलास का?' तो नुसता हसला. शेवटी भाची, ताईची मुलगी, हात धुऊन मागे लागली. ती जनावरांची डॉक्टर व्हायला शिकत होती, आणि आपल्या पेशंटांशी बोलावं तसं मामाशी बोलायची. 'मामा, तू एकटा कुजतोयस तिथे. आमची मोहीम आहे रविवारची. कॉम्प्युटरवर. चौघंच जण, गोष्ट रचायची, फासे टाकायचे, राक्षस मारायचे.' 'मला कुठे येतंय ते सगळं,' तो म्हणाला. 'न येणाऱ्यांसाठीच आहे. कुणीही चालतं. म्हातारं, लंगडं, तोतरं, घाबरट, सगळ्यांना घेतात.' 'मी यातला कुठला?' त्यानं विचारलं. 'तू घाबरट,' ती म्हणाली आणि खदखदून हसली. आजी गेल्यावर ती तीन महिने नीट हसली नव्हती, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून तो हो म्हणाला. चार दिवसांनी कुरिअरनं एक पुडकं आलं. त्यात वीस बाजूंचा हिरवा फासा होता, आवळ्याएवढा, आणि चिठ्ठीवर भाचीचं गिचमिड अक्षर: 'हरवू नकोस.'

पहिल्या रविवारी अकराच्या ठोक्याला पडद्यावर चार चौकोन उमटले. एकात भाची. एकात गोष्ट चालवणाऱ्या बाई, सगळे त्यांना सूत्रधारबाई म्हणत. एरवी त्या शाळेत गणित शिकवायच्या आणि आवाजात अजून खडूची धार होती. एकात एक बेकरीवाला, पांढरा एप्रन तसाच अंगात, पहाटेपासूनचं काम आटपून बसलेला. आणि चौथ्यात एक पिकल्या मिशीचा, खांदे पडलेला माणूस; तो आपणच आहोत हे ओळखायला त्याला क्षणभर लागला. सूत्रधारबाईंनी नियम सांगितले. फासा ज्यानं त्यानं आपल्या घरी टाकायचा आणि आकडा सांगायचा. कुणी तपासणार नाही, विश्वासावर चालतं. पडद्याच्या कोपऱ्यात एक लाल फुली आहे. गोष्टीत काही सहन होईनासं झालं की ती दाबायची, गोष्ट तिथेच थांबेल, कारण कुणी विचारणार नाही. आणि तिसरा नियम, त्या जरा सावकाश म्हणाल्या, इथे कुणी कुणाचं वाक्य पुरं करायचं नाही. तो नियम कशासाठी आहे ते लगेचच कळलं. बेकरीवाला आपल्या पात्राची ओळख करून द्यायला लागला, 'मी भ… भ… भ…' आणि अडकला. मान ताठ झाली, डोळे मिटले. दहा सेकंद गेले असतील, पंधरा गेले असतील. कुणी खाकरलं नाही, कुणी भुवई उडवली नाही, भाचीसारखी उतावळी पोरगीसुद्धा गुडघ्याला मिठी मारून शांत बसून राहिली. '…भाट आहे,' बेकरीवाला म्हणाला, 'राजाच्या दरबारातला. माझ्या जि… जिभेवर सरस्वती नाचते.' मग तोच आधी हसला आणि मागून सगळे. याच्या डोळ्यांत उगीचच पाणी आलं. एवढं कुणी कुणासाठी थांबतं?

त्याला पहारेकरी करायचं भाचीनंच ठरवलं. प्रत्येक पात्राचा एक कागद असतो; त्यावर ताकद किती, चपळाई किती, असे आकडे मांडायचे. 'मामाचे कान एकदम तल्लख,' तिनं जाहीर केलं, 'धंदाच तो. चाहूल सगळ्यात जास्त ठेवा.' त्यानं मुकाट्यानं आकडा लिहिला. एकच गोष्ट त्याला समजेना. सूत्रधारबाई म्हणाल्या की दाराआड कुणीतरी कुजबुजतंय, आणि भाचीची चेटकीण मात्र तशीच घोरत पडली. 'अगं, ऐकलंस ना तू?' त्यानं विचारलं. 'मी ऐकलं रे मामा, चेटकिणीनं नाही ऐकलं. तिचा फासा कमी पडला. खेळणाऱ्याला सगळं ठाऊक असतं, पण पात्राला ऐकू आलं नसेल तर नाही आलं असंच वागायचं. आधी आधी सगळ्यांना जड जातं ते.' 'जमेल मला,' तो म्हणाला. भाचीला त्याचं कौतुक वाटलं. इतक्या पटकन हे कुणाच्या डोक्यात शिरत नाही, ती म्हणाली, आणि त्याला वाटलं की आत्ता या क्षणी खुर्चीवरून उठावं आणि कॉम्प्युटरची वायर उपटून टाकावी. पण तो बसून राहिला, आणि खरं सांगायचं तर दुसऱ्या रविवारी साडेदहालाच दाढी करून तयार होता. किती दिवसांनी कुणीतरी त्याची वाट बघत होतं. त्याच्या पहारेकऱ्यानं पुलाखाली दबा धरलेले तिघं चोर नुसत्या पाण्याच्या आवाजातल्या फरकावरून ओळखले. बेकरीवाल्यानं टाळ्या वाजवल्या तर एप्रनमधून पीठ उडालं. तो हसला, आणि हसता हसता त्यानं मागे वळून पाहिलं. आईच्या खोलीचं दार उघडं होतं. त्याच्या खुर्चीपासून तिच्या पलंगापर्यंत अकरा पावलं, मधे एक बोळ, दोन्ही दारं कायम उघडी. त्या घरात साधी वाटी पडली तरी दोन्हीकडे ऐकू यायची.

कारण आई हाका मारायची. मांडीचं हाड मोडल्यापासून तिला दुसरं काय काम होतं? 'बापू, पंखा लाव.' 'बापू, पंखा बंद कर.' 'बापू, किती वाजले?' 'बापू, आहेस का?' ही शेवटची सगळ्यात वाईट. तिच्यात काही मागणंच नसायचं, तो आहे एवढंच तिला ऐकायचं असायचं. आधी आधी तो पहिल्या हाकेला ओ द्यायचा. मग तिसऱ्या. सुट्टीच्या दिवशी चाळीस चाळीस हाका, आणि आठवडाभर कानांत पेशंटांचे सूर. माणूस किती पुरणार? कधीतरी, आता नेमकं कधी ते आठवत नाही, त्यानं एक खेळ काढला. मोजायचं. दहा हाका झाल्या की उठायचं. पुष्कळदा चार-पाचावर ती थकून गप्प व्हायची, आणि त्याला फुकट सुट्टी मिळाल्यागत वाटायचं. कधी आठापर्यंत जायची. दहाला तो इमानानं उठायचा, हसतमुखानं जायचा, 'काय गं आई, आत्ता ऐकलं' म्हणायचा. आणि ती बिचारी म्हणायची, 'दिवसभर लोकांचे कान बघून तुझेच गेले रे.' कुणाला त्रास नव्हता त्या खेळाचा, असं तो स्वतःला सांगायचा. त्या रविवारी दुपारी तो बूट पुसत होता. डावा झाला होता, उजव्याला नुकतं पॉलिश लावलं होतं. पहिली हाक आली. मग दुसरी. तिसरी जरा मोठ्यानं. चवथीला त्यानं ब्रश उचलला. पाचवी, सहावी लागोपाठ. आवाज नेहमीच्या जागेवरून, पलंगावरून येत नव्हता, जरा डावीकडून आणि जरा खालून येत होता. हे सत्तावीस वर्षांच्या कानाला कळलं नाही असं नाही, कळलं. कळलं आणि त्यानं कानाडोळा केला. सातवी. आठवी अर्धीच. आणि नववी. नवव्या हाकेपाशी तो नेहमी थांबायचा, तिच्यात शिरायचा नाही, ती जरा वेगळी होती. त्यानंतर काहीच नाही. आज नवावरच सुटलो, असं त्याच्या मनात आलं. हे शब्द अगदी असेच्या असे आले, आणि जन्मात विसरता येणार नाहीत. त्यानं उजवा बूट चकचकीत केला, डबी बंद केली, स्वयंपाकघरात हात धुतले, आणि पाऊण तासानं घर फारच शांत वाटलं म्हणून तो उठला. ती न्हाणीघराच्या उंबऱ्यात पडली होती. लगेच कळलं असतं तरी काही करता आलं नसतं, डॉक्टर म्हणाले. हे ते सगळ्यांनाच म्हणतात, त्यालाही ठाऊक होतं.

तिसऱ्या रविवारी गोष्ट एका घाटात आली. चौकोनांमधून धुकं दिसत नव्हतं, पण सूत्रधारबाईंनी असं काही सांगितलं की अंगावर ओल आली. वाटेवर एक पडका नाका, छप्पर अर्धं उडालेलं. चेटकीण आणि भाट थकून झोपले, पहारेकरी दाराशी बसला. 'आणि धुक्यातून,' बाई म्हणाल्या, 'हाक येते. बाईमाणसाचा आवाज, म्हातारा. जरा डावीकडून, जरा खालून. कुणीतरी पडलंय. एक हाक. दुसरी. मग तिसरी. पहारेकरी, चाहुलीचा फासा टाका. बाराच्या वर आलं तर तुम्हाला ऐकू येईल.' डावीकडून आणि खालून, हे या बाईंना कुणी सांगितलं? कुणीच नाही. उतारावर पडलेला माणूस आणखी कुठे असणार? 'सगळं चालेल' असं आपणच लिहून दिलं होतं. त्यानं फासा टाकला. तो टेबलावर खडखडत गेला, की-बोर्डला आपटला आणि उभा राहिला. वीस. त्याहून मोठा आकडा त्या फाशावर नव्हताच. भाची पुढे वाकली होती, बेकरीवाल्यानं श्वास रोखला होता. सांगायचं काय, नुसतं वीस म्हणायचं. 'तीन,' तो म्हणाला. आणि स्वतःच्या चौकोनात त्यानं स्वतःची पापणी हललेली पाहिली.

'अरेरे,' बाई म्हणाल्या, आणि त्यांनी गोष्ट पुढे नेली, कारण नियम तो नियम. पहारेकऱ्याला ऐकू आलं नाही. हाका बारीक होत गेल्या आणि थांबल्या. उजाडल्यावर धुकं विरलं आणि नाक्यापासून अकरा पावलांवर… त्यांनी अकरा म्हटलं की आणखी काही, त्याला नीट आठवत नाही. 'वा… वाईट वाटून घेऊ नका,' बेकरीवाला म्हणाला, 'फासा आहे तो. तुम्ही क… काय करणार.' भाचीही म्हणाली, 'हो ना मामा. ऐकूच नाही आलं तर तू तरी काय करणार.' ताईचंच वाक्य लेकीच्या तोंडी, तस्संच्या तसं, आणि म्हणता म्हणता तिचा चेहरा बदलला. तिनं हात पुढे केला आणि सगळ्यांच्या पडद्यावर लाल फुली झळकली. 'सॉरी,' ती नाक ओढत म्हणाली, 'माझी आजी… सॉरी. मला वाटलं मला जमेल.' 'सॉरी कशाला,' सूत्रधारबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजातला खडू पार गेला. 'कुणी काही विचारत नाही. हा प्रसंग झालाच नाही. आपण हाकेच्या आधीवर जाऊ. मात्र तिला अशी टाकून जायचं नाही, आज तिला वाचवायचंच. पहारेकरी, पुन्हा टाका फासा. आणि जो काय आकडा येईल तो येईल, आपण सगळे मिळून तिला ऐकू.'

झालाच नाही! इतकं सोपं असतं होय? त्यानं टेबलाकडे बघितलं. फासा मघाचा तसाच पडला होता, वीस वर करून. त्याला हातसुद्धा लावायची गरज नव्हती. 'वीस,' तो म्हणाला. भाची किंचाळली, रडवेल्या तोंडानं हसली, बेकरीवाल्यानं टेबलावर थाप मारली. आणि मग सूत्रधारबाईंनी सांगितलं की पहारेकरी धुक्यात धावतो, चाचपडतो, दगडाआड त्याला एक हात लागतो, गार पण जिवंत. त्यांनी आवाज बदलला. म्हातारा, दमलेला, जरासा लाडीक आवाज. 'आलास? मला ठाऊक होतं, तुला ऐकू येईल.' आता पहारेकऱ्यानं काहीतरी बोलायचं होतं. सगळे त्याच्याकडे बघत होते. त्यानं तोंड उघडलं ते काहीतरी धीराचं बोलायला, पण दहा महिने घशात बसलेलं दुसरंच बाहेर आलं. 'ऐकू आलं. पहिल्यापासून येत होतं. नऊ हाका ऐकल्या मी. दहावी आली की उठणार होतो.'

'वा!' बाई आपल्या आवाजात म्हणाल्या, मनापासून खूश होऊन. 'काय पहारेकरी आहे! पण मी तर तीनच हाका म्हटलं होतं. असू दे, नऊ छान आहे, नऊच ठेवू.' बेकरीवाला मान डोलावत होता. भाची हसत नव्हती. ती पडद्याच्या इतकी जवळ आली की तिच्या चौकोनात नुसते डोळे राहिले. 'मामा,' ती म्हणाली, 'नऊ कुठून आल्या?' 'अगं, आपल्याकडे कारण विचारत नाहीत,' सूत्रधारबाई हळूच म्हणाल्या. 'मी खेळातलं नाही विचारत,' भाची म्हणाली. 'मामा?'

कुणीतरी विचारलं होतं. दहा महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी विचारलं होतं. कोपऱ्यातली लाल फुली त्याच्या बोटापासून वीतभर दूर होती. ती दाबली की झालं. हे तिघं शहाण्यासारखे गप्प बसले असते, गोष्ट मागे गेली असती, पुढच्या रविवारी दुसरा घाट. त्याचं बोट तिथवर गेलं. भाची एवढीशी असताना ताई तिला आजीकडे सोडून जायची आणि आजी तिला मांडीवर घेऊन दाराशी बसायची, ते त्याला आठवलं, आणि आठवून धडकीच भरली. ही पोरगी आपली उरणार नाही आता. ताईही उरणार नाही. सांगितलं नाही तर दोघी राहतील, फोन करतील, जेवलास का विचारतील, आणि तो त्यांना फसवत म्हातारा होईल. बेकरीवाल्यासाठी थांबतात तसे ते तिघं थांबले होते. दहा सेकंद, वीस सेकंद. कुणी खाकरलं नाही. कुणी त्याचं वाक्य त्याच्यासाठी पुरं केलं नाही. त्यानं बोट मागे घेतलं. 'हेडफोन नव्हते कानात,' तो म्हणाला. 'मी बूट पुसत होतो.'

भाचीचा चौकोन काळा झाला. 'प… प… प…' बेकरीवाल्यानं सुरुवात केली, आणि या वेळी त्याला पुढचं काही सापडेना. तो तसाच तोंड उघडून राहिला. सूत्रधारबाईंनी चष्मा काढला. त्यांच्याकडे यासाठी नियम नव्हता. त्यानं दोघांना नमस्कार केला आणि पडदा मिटला. मग तो बसून राहिला. भाची या वेळी कुठल्या खोलीत असेल, तिथून ताईचं स्वयंपाकघर किती पावलं, ती काय म्हणत असेल, 'आई, मामा म्हणाला' की नुसतंच रडत असेल, याचा तो हिशेब करत राहिला, आणि तो पुरा व्हायच्या आत फोन वाजला. पहिली घंटा पुरी व्हायच्या आत त्यानं उचलला.

पलीकडे नुसता श्वास होता. ताईचा श्वास, हजारांत ओळखला असता.

'नऊ?' ती म्हणाली.

'नऊ.'

'मोजत होतास.'

'हो. दहाला उठायचं, असं ठरवलं होतं मी. नेहमीच.'

मागे कुठेतरी भाची हुंदके देत होती, दार लावलेलं असावं. त्याला वाटलं, आता ती शिव्या देईल, फोन आपटेल, काहीतरी करेल. पण ताई थोरली, आईच्या वळणावर गेलेली. तिनं सरळ विचारलं. 'शेवटची काय म्हणाली रे? काय मागत होती?'

दहा महिने तो ज्या हाकेत शिरला नव्हता, तिच्यात शिरण्यावाचून आता गत्यंतर नव्हतं. आठ झाल्या होत्या. हातात ब्रश होता. आणि मग आतून आलेली ती नववी, बारीक, अगदी बारीक, नुसती शंका यावी इतकी. ही काही आपली नाही, असं तेव्हा त्याच्या मनात आलं होतं, आणि त्याला हायसं वाटलं होतं.

'आठ मला मारल्या, ताई,' तो म्हणाला. 'नववी मला नव्हती. “छबे” म्हणाली. तुला बोलावत होती.'

पलीकडून काही आलं नाही. श्वासही आला नाही. त्यानं फोन कानाशी घट्ट धरला आणि तो ऐकत राहिला.